जनुकशमन आणि अंडाशयाचा कर्करोग : एका संशोधनसाधनाचा इतिहास

सारांश

जनुकाचा संदेश प्रथिनात रूपांतरित होण्यापूर्वीच खंडित करण्याच्या पद्धतीस जनुकशमन असे म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगपेशींची वाढ या पद्धतीने मंदावता येते, हे प्रयोगशाळांतून वारंवार सिद्ध झाले आहे. तथापि २०२४ अखेरपर्यंत या तत्त्वावर आधारलेल्या एकाही औषधास या कर्करोगावरील उपचारासाठी मान्यता मिळालेली नव्हती. प्रस्तुत निबंधात १९७८ पासूनच्या या संशोधनाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. जनुकशमनाचा लाभ रुग्णांना झाला, परंतु तो औषध म्हणून होण्याआधी संशोधनाचे साधन म्हणून झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : जनुकशमन, आरएनए-हस्तक्षेप, अंडाशयाचा कर्करोग, पेशीवंश, पार्प-रोधक, विज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात एखाद्या शोधाचे मूल्यमापन बहुधा त्यातून निर्माण झालेल्या वस्तूवरून केले जाते. लस निघाली, औषध निघाले, यंत्र निघाले म्हणजे शोध सफल झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. जनुकशमनाच्या बाबतीत ही कसोटी अपुरी पडते. २००१ मध्ये मानवी पेशींतील जनुके हवी तशी निवडून शांत करण्याची युक्ती हाती आली, तेव्हा कर्करोगाला कारणीभूत होणारी जनुके एकामागून एक बंद करता येतील, अशी आशा व्यक्त झाली. पुढील दोन दशकांत ती आशा त्या स्वरूपात फलद्रूप झाली नाही. म्हणून हे संशोधन निष्फळ ठरले काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अंडाशयाच्या कर्करोगाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण या एकाच रोगात जनुकशमनाचे अपयश आणि यश ही दोन्ही स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

अंडाशयाचा कर्करोग : प्रश्नाचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या ग्लोबोकॅन अंदाजानुसार २०२० मध्ये जगात अंडाशयाच्या कर्करोगाचे सुमारे ३ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २ लाख ७ हजार स्त्रियांचा त्याने मृत्यू झाला. त्याच अंदाजात भारतातील नव्या रुग्णांची संख्या सुमारे ४५ हजार ७०० आणि मृत्यूंची संख्या सुमारे ३२ हजार दिली आहे. नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंचे हे प्रमाण फार मोठे आहे. पोट फुगल्यासारखे वाटणे, भूक मंदावणे, ओटीपोटात दुखणे अशी या रोगाची लक्षणे इतकी सामान्य असतात की त्यांकडे सहज दुर्लक्ष होते. बहुसंख्य रुग्णांत निदान होईपर्यंत रोग उदरपोकळीत पसरलेला असतो.

रोग लवकर ओळखता आला तर मृत्यू टळतील, या अपेक्षेने ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात रजोनिवृत्तीनंतरच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांना एका विस्तृत चाचणीत सामील करून घेण्यात आले. त्यांपैकी काहींची रक्ततपासणी अथवा सोनोग्राफी दरवर्षी करण्यात आली. २०२१ मध्ये या चाचणीचे अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्ततपासणीवर आधारित पद्धतीने काही रुग्णांत रोग आधी सापडला. परंतु या रोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या संख्येत घट झाली नाही.

उपचारांच्या आघाडीवर १९७८ मध्ये सिस्प्लॅटिन आणि १९९२ मध्ये पॅक्लिटॅक्सेल या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेला या औषधांची जोड मिळाल्यावर बहुतेक रुग्णांतील गाठी सुरुवातीस लहान होतात. परंतु पुढे अनेक रुग्णांत रोग उलटतो, आणि उलटलेला रोग त्याच औषधांना पूर्वीसारखा दाद देत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या पेशी कोणत्या जनुकांच्या आधारावर तग धरतात, हा या क्षेत्रातील मध्यवर्ती प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी जनुके एकेक करून बंद करून पाहणे आवश्यक होते, आणि तशी सोय विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत उपलब्ध नव्हती.

जनुकशमनाची पूर्वपीठिका

पेशीतील जनुकाचा आदेश डीएनएवरून संदेशवाही आरएनएवर उतरतो आणि त्यानुसार प्रथिन तयार होते. मधला हा निरोप्या अडवला, तर मूळ जनुकास धक्का न लावताही त्याचा परिणाम थांबवता येईल, ही कल्पना १९७८ मध्ये प्रत्यक्षात आली. अमेरिकेतील पॉल झामेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी राउस सार्कोमा विषाणूच्या आरएनएस पूरक असा तेरा घटकांचा डीएनएचा तुकडा कोंबडीच्या पेशींना दिला, तेव्हा विषाणूची वाढ रोखली गेली. यातूनच पुढे 'अँटिसेन्स' औषधांची शाखा निर्माण झाली. १९९८ मध्ये फोमिव्हर्सेन या पहिल्या अँटिसेन्स औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. ते एड्सच्या रुग्णांतील दृष्टिपटलाच्या विषाणूसंसर्गावरील औषध होते आणि थेट डोळ्यात टोचले जाई. औषध जेथे हवे तेथेच टोचता येणे हे त्याच्या यशाचे एक महत्त्वाचे कारण होते, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दरम्यान शमनाचा दुसरा आणि अधिक प्रभावी मार्ग वैद्यकाशी संबंध नसलेल्या प्रयोगांतून उघड होत होता. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील कॅरोलिन नापोली, क्रिस्टीन लेमिय आणि रिचर्ड जॉर्गेन्सन यांनी पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करण्याच्या हेतूने रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या जनुकाची जादा प्रत रोपांत घातली. प्रत्यक्षात अनेक रोपांना पांढरी किंवा पांढऱ्या पट्ट्यांची फुले आली. जादा जनुकाने स्वतःबरोबर रोपातील मूळ जनुकही गप्प केले होते. अॅम्स्टरडॅममधील संशोधकांनाही त्याच वर्षी असाच अनुभव आला. १९९२ मध्ये रोम येथील निकोलेत्ता रोमानो आणि ज्युसेप्पे माचिनो यांना न्यूरोस्पोरा या बुरशीत हीच घटना आढळली. १९९५ मध्ये सू ग्वो आणि केनेथ केम्फ्यूझ यांनी सूत्रकृमीवर प्रयोग करताना एक विसंगती नोंदवली. संदेशास पूरक असलेला आरएनए दिला तरी शमन होई, आणि संदेशासारखाच आरएनए दिला तरीही तेच घडे. प्रचलित उपपत्तीनुसार दुसरी गोष्ट घडायला नको होती.

या विसंगतीचा उलगडा १९९८ मध्ये अँड्र्यू फायर, क्रेग मेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सूत्रकृमीला दुपदरी आरएनए टोचल्यास एकपदरी आरएनएपेक्षा कितीतरी अधिक शमन होते आणि त्यासाठी अत्यल्प मात्रा पुरते, असे त्यांना दिसून आले. आधीच्या प्रयोगांतील एकपदरी आरएनएमध्ये दुपदरी आरएनएची भेसळ असावी, हे त्यावरून सूचित झाले. या प्रक्रियेस 'आरएनए इंटरफिअरन्स' अर्थात आरएनए-हस्तक्षेप हे नाव मिळाले. केवळ आठ वर्षांनी, २००६ मध्ये, फायर आणि मेलो यांना वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार देण्यात आला.

फूल, बुरशी आणि कृमी यांच्या अभ्यासकांना मिळालेली ही सूत्रे जुळून आल्यानेच कर्करोग संशोधकांच्या हाती नवे साधन पडले. कर्करोगावर संशोधन करावयाचे म्हणून कोणी पेटुनियाची रोपे लावली नव्हती. महाविद्यालयीन संशोधनात तात्काळ उपयुक्ततेचा आग्रह धरला जात असताना या इतिहासाचे स्मरण उद्बोधक ठरते.

लघु आरएनए आणि मानवी पेशी

कृमीत यशस्वी ठरलेला लांब दुपदरी आरएनए सस्तन प्राण्यांच्या पेशींत मात्र वापरता येत नव्हता. विषाणूने हल्ला केला आहे असे समजून या पेशी आपली एकूणच प्रथिननिर्मिती थांबवीत आणि अनेकदा मरून जात. या अडचणीवरील उपाय पुन्हा वनस्पतिशास्त्रातून सुचला. १९९९ मध्ये अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बाउल्कोम यांना शमन चालू असलेल्या वनस्पतींत सुमारे २५ घटकांचे आखूड आरएनए आढळले. २००० मध्ये फळमाशीच्या पेशींच्या अर्कात लांब आरएनएचे २१ ते २३ घटकांचे तुकडे होत असल्याचे दिसून आले. हे तुकडे करणारे 'डायसर' हे विकर २००१ मध्ये ओळखले गेले. त्याच वर्षी जर्मनीतील गॉटिंगेन येथे टोमास टुशल यांच्या गटाने २१ घटकांचे दुपदरी आरएनए कृत्रिमरीत्या तयार करून मानवी पेशींत सोडले. पेशींनी विषाणूविरोधी प्रतिसाद दिला नाही आणि नेमके ठरवलेले जनुक शांत झाले.

या प्रक्रियेचे कार्य थोडक्यात असे सांगता येईल. लघु आरएनएच्या दोन पदरांपैकी एक पदर पेशीतील प्रथिनांच्या एका संकुलात बसतो. हा पदर आपल्याशी जुळणारा संदेशवाही आरएनए शोधतो आणि संकुलातील आर्गोनॉट नावाचे प्रथिन त्या संदेशाचे दोन तुकडे करते. संदेश नष्ट झाल्याने प्रथिन तयार होत नाही. जनुक मात्र जागेवर शाबूत राहते. म्हणून या क्रियेस जनुकाचा नाश न म्हणता शमन म्हणणे योग्य होय. २००२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी असा आरएनए पेशीनेच सतत तयार करावा यासाठी जनुकवाहकाची रचना केली, त्यामुळे दीर्घकाळ टिकणारे शमन शक्य झाले.

काचपात्रातील प्रयोग आणि त्याचा अर्थ

यानंतर अंडाशयाच्या कर्करोगपेशींवरील शमनप्रयोगांना जगभर वेग आला. या प्रयोगांची साधारण पद्धत ठरून गेली होती. रुग्णाच्या गाठीतून किंवा जलोदरातून घेतलेल्या आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींचा समुदाय, म्हणजे पेशीवंश, निवडावयाचा. संशयित जनुकाशी जुळणारा लघु आरएनए मेदकणांच्या साहाय्याने त्यांत शिरवावयाचा. आणि दोन-तीन दिवसांनी वाढ मोजावयाची. वाढ मोजण्यासाठी १९८३ पासून प्रचारात असलेल्या एमटीटी या पिवळ्या रंजकाचा वापर सर्रास होतो. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या संयुगात रूपांतर करतात आणि जांभळा रंग जितका गडद, तितक्या जिवंत पेशी अधिक, असे मानले जाते.

या रीतीने मिळालेल्या निष्कर्षाचा अर्थ लावताना मात्र सावधगिरी आवश्यक असते. एमटीटी चाचणी पेशींची संख्या थेट मोजत नाही, ती त्यांच्या चयापचयाची क्रिया मोजते. पेशींची संख्या कायम राहून चयापचय मंदावला तरीही रंग फिका पडतो. दुसरे असे की वाढ मंदावणे आणि पेशी मरणे या भिन्न घटना आहेत. विभाजन तात्पुरते थांबवलेली पेशी शमनाचा प्रभाव ओसरल्यावर पुन्हा वाढू शकते. तिसरे असे की गाठीतील सर्व पेशी सारख्या नसतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या जलोदरातून मूलपेशींसारखे गुण असलेल्या कर्करोगपेशी वेगळ्या केल्या. स्नेल आणि स्लग ही जनुके सक्रिय असलेल्या पेशी किरणोत्सार आणि रासायनिक औषधे यांना तोंड देऊन टिकतात, असेही त्याच केंद्रातील संशोधनातून २००९ मध्ये पुढे आले. काचपात्रातील शंभरातील नव्वद पेशींची वाढ मंदावली, तरी उरलेल्या दहा कोणत्या आहेत यावर रोगाचे भवितव्य अवलंबून असते.

जनुकशमन औषध म्हणून

लघु आरएनए थेट रुग्णास देण्याच्या मार्गातील मुख्य अडथळा तो योग्य पेशीपर्यंत पोहोचवण्याचा होता. हा रेणू रक्तातील विकरांमुळे झपाट्याने नष्ट होतो, मूत्रपिंडातून बाहेर टाकला जातो आणि ऋणभारित असल्याने पेशीच्या आवरणातून सहज आत शिरत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील चार्ल्स लँडेन, अनिल सूद, गॅब्रिएल लोपेझ-बेरेस्टीन आणि सहकाऱ्यांनी या अडचणीवर एक उपाय मांडला. विद्युतभाररहित मेदकणांत लघु आरएनए भरून त्यांनी तो अंडाशयाच्या मानवी कर्करोगाची गाठ असलेल्या उंदरांना दिला. त्यांचे लक्ष्य ईफ-ए-२ हे जनुक होते. तीन आठवड्यांनंतर एका पेशीवंशाच्या गाठींचे वजन तुलनागटाच्या निम्म्यावर आले. दुसऱ्या पेशीवंशात शमनाचा एकट्याचा परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर मात्र दोन्ही पेशीवंशांतील गाठी पुष्कळच लहान राहिल्या. या उपचाराच्या मानवी चाचणीची नोंद २०१२ मध्ये झाली. पहिल्या टप्प्याची ही चाचणी मुख्यतः सुरक्षितता आणि मात्रा तपासण्यासाठी आखलेली होती. म्हणजे उंदरातील निष्कर्ष आणि मानवी चाचणीची नोंद यांत सात वर्षांचे अंतर पडले.

२०१० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने त्वचेच्या मेलॅनोमा कर्करोगाच्या रुग्णांत महत्त्वाचा पुरावा सादर केला. शिरेतून दिलेले सूक्ष्मकण गाठीपर्यंत पोहोचले आणि तेथे ठरवलेला संदेश अपेक्षित जागी तुटला, असे त्यांनी दाखवून दिले. मानवी शरीरात रक्तमार्गे दिलेल्या लघु आरएनएने नेमके काम केल्याचा तो पहिला थेट पुरावा होता; परंतु त्या उपचाराचे पुढे औषधात रूपांतर झाले नाही.

याच्या उलट यकृताच्या विकारांत जनुकशमनाने झपाट्याने प्रगती केली. मेदकणांतून दिलेले पॅटिसिरान हे औषध २०१८ मध्ये मान्य झाले आणि आरएनए-हस्तक्षेपावर आधारलेले ते पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. त्यानंतर गिव्होसिरान, लुमासिरान आणि रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे इंक्लिसिरान ही औषधे आली. या सर्वांचे लक्ष्य यकृतपेशीच होत. रक्तातील मेदकण यकृत स्वाभाविकपणेच शोषून घेते, तर यकृतपेशींवरील विशिष्ट ग्राहकांशी जुळणारी शर्करा जोडलेला आरएनए तेथेच आत घेतला जातो. उदरपोकळीत विखुरलेल्या कर्करोगाच्या असंख्य लहान गाठींना असा निसर्गदत्त पत्ता नसतो. शिवाय यकृताच्या विकारात काही पेशींत शमन झाले नाही तरी एकूण प्रथिनाचे प्रमाण घटून लाभ होतो. कर्करोगात मात्र सुटलेल्या पेशीच पुन्हा गाठ निर्माण करतात. एकच तत्त्व एका अवयवात यशस्वी आणि दुसऱ्या रोगात अयशस्वी का ठरले, याचा उलगडा या फरकातून होतो.

या अडथळ्यास वळसा घालण्याचा एक प्रयत्न विशेष उल्लेखनीय आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतील पेशी शरीराबाहेरच हाताळून त्यांतील फ्युरिन या जनुकाचे शमन करावयाचे, प्रतिकारशक्तीस चेतना देणारे दुसरे जनुक त्यांत घालावयाचे, किरणोत्साराने त्यांची वाढ थांबवावयाची आणि त्याच रुग्णास त्या लसीप्रमाणे टोचावयाच्या, अशी ही पद्धत होय. अंडाशयाच्या कर्करोगाच्या ९१ रुग्णांवरील तिच्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. रोग उलटेपर्यंतचा मध्यक काळ लस घेतलेल्या गटात ११.५ महिने, तर तुलनागटात ८.४ महिने होता. हा फरक सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता निर्णायक ठरला नाही. बीआरसीए जनुकांत बिघाड नसलेल्या रुग्णांच्या उपगटात मात्र परिणाम अधिक आशादायक दिसला.

जनुकशमन संशोधनसाधन म्हणून

औषध म्हणून जनुकशमन अडखळत असतानाच संशोधनसाधन म्हणून त्याने दुसऱ्या मार्गाने रुग्णाच्या उपचारास हातभार लावला. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतील आनुवंशिक बिघाडामुळे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९९० च्या दशकापासून माहीत होते. ही जनुके डीएनएच्या दोन्ही पदरांना पडलेली तूट अचूकपणे सांधण्याच्या कामी येतात. पार्प हे विकर डीएनएची किरकोळ दुरुस्ती करते. २००५ मध्ये शेफील्ड आणि लंडन येथील दोन संशोधनगटांनी एकाच वेळी दाखवून दिले की बीआरसीए जनुके निकामी झालेल्या पेशींतील पार्प रोखल्यास त्या पेशी मरतात. निरोगी पेशी मात्र तग धरतात. दुरुस्तीची एक वाट आधीच बंद असलेल्या पेशीची दुसरी वाटही बंद करावयाची, असे हे तत्त्व आहे.

या शोधात जनुकशमनाची भूमिका निर्णायक स्वरूपाच्या पडताळणीची होती. शेफील्डच्या गटाने स्तनकर्करोगाच्या पेशींतील शाबूत बीआरसीए-२ जनुकाचे लघु आरएनएने शमन केले, तेव्हा त्या पेशीही पार्प-रोधकास बळी पडू लागल्या. निरनिराळ्या रुग्णांपासून मिळालेल्या पेशींची तुलना केली, तर फरक इतर कारणांनीही पडू शकतो. एकाच पेशीवंशात एकच जनुक शांत केल्यावर तोच परिणाम दिसला, तर मात्र कार्यकारणभावाचा पुरावा बळकट होतो. २००६ मध्ये लंडनच्या गटाने दुरुस्तीच्या याच वाटेवरील इतर अनेक जनुकांचे एकेक करून शमन केले आणि त्यांपैकी पुष्कळ जनुकांच्या अभावी पेशी पार्प-रोधकास संवेदनशील होतात, असे दाखवले. परिणामी या औषधाचा उपयोग केवळ बीआरसीए बिघाड असलेल्या रुग्णांपुरता मर्यादित राहणार नाही, ही शक्यता पुढे आली. अमेरिकेतील कर्करोग जनुकसंच प्रकल्पाने २०११ मध्ये ४८९ गाठींच्या अभ्यासावरून असा निष्कर्ष काढला की उच्च श्रेणीच्या सिरस प्रकारच्या अंडाशयकर्करोगापैकी जवळजवळ निम्म्या गाठींत दुरुस्तीची ही वाट सदोष असू शकते.

ओलापरिब या पार्प-रोधकास २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीआरसीए बिघाड असलेल्या, नव्याने निदान झालेल्या ३९१ रुग्णांचा समावेश होता. पहिल्या रसायनोपचारानंतर ओलापरिब घेतलेल्या गटात रोग बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी झाला. सात वर्षांनंतरच्या पाहणीत ओलापरिब गटातील सुमारे ६७ टक्के आणि तुलनागटातील सुमारे ४६ टक्के स्त्रिया हयात असल्याचे अनुमान निघाले. या स्त्रियांपैकी कोणालाही शमन करणारा आरएनए टोचण्यात आला नव्हता. त्यांना मिळालेल्या गोळीमागील तर्काची पारख मात्र जनुकशमनाने केली होती.

उत्तरांची विश्वासार्हता

साधन म्हणून जनुकशमन वापरताना त्याच्या उत्तरांवर कितपत विसंबावे, हा प्रश्नही याच इतिहासाचा भाग आहे. २००३ मध्येच असे निदर्शनास आले की लघु आरएनए ठरवलेल्या जनुकाबरोबर अंशतः जुळणाऱ्या इतर जनुकांवरही परिणाम करतो. २००८ मध्ये जयकृष्ण अंबाटी यांच्या गटाने उंदरांच्या डोळ्यांवरील प्रयोगांतून दाखवले की लघु आरएनएमुळे रक्तवाहिन्यांची वाढ थांबते, ती त्यातील क्रमामुळेच थांबते असे नाही. प्रतिकारयंत्रणेतील एका ग्राहकास चेतना मिळाल्यानेही ती थांबते. कोणताही लघु आरएनए दिला तरी तोच परिणाम दिसत असेल, तर विशिष्ट जनुकाबद्दलचा निष्कर्ष टिकत नाही. २०१७ मध्ये मेल्क या जनुकाबाबत असेच घडले. शमनप्रयोगांवरून कर्करोगपेशींसाठी अत्यावश्यक मानले गेलेले हे जनुक क्रिस्पर तंत्राने पूर्णपणे काढून टाकल्यावरही पेशी वाढतच राहिल्या. त्या जनुकावर रोखलेल्या औषधाच्या मानवी चाचण्या तोवर सुरू झालेल्या होत्या.

दुसरा प्रश्न पेशीवंशांचा होता. अंडाशयाच्या कर्करोगाच्या प्रयोगांत एसकेओव्ही-३ आणि ए-२७८० हे पेशीवंश सर्वाधिक वापरले गेले. २०१३ मध्ये सिल्व्हिया डोम्के आणि सहकाऱ्यांनी ४७ पेशीवंशांची तुलना रुग्णांच्या गाठींच्या जनुकीय माहितीशी केली, तेव्हा हे दोन्ही लोकप्रिय पेशीवंश उच्च श्रेणीच्या सिरस कर्करोगाशी फारसे जुळत नसल्याचे आढळले. या प्रकारच्या सुमारे ९६ टक्के गाठींत टीपी-५३ हे जनुक बिघडलेले असते. ए-२७८० मध्ये ते शाबूत आहे. शिवाय यांपैकी पुष्कळ गाठींचा उगम अंडाशयात नसून बीजवाहिनीच्या टोकाशी असतो, हे मत २००१ पासूनच्या संशोधनाने दृढ होत गेले. म्हणजे अनेक शमनप्रयोगांत उत्तर बरोबर असले, तरी प्रश्न वेगळ्याच रोगाला विचारला गेला असण्याची शक्यता उरते.

तिसरी बाब अधिक मूलगामी आहे. २००८ मध्ये अनिल सूद यांच्या गटाने अंडाशयकर्करोगाच्या १११ रुग्णांच्या गाठी तपासल्या. शमनयंत्रणेतील डायसरचे प्रमाण ६० टक्के गाठींत आणि ड्रोशा या दुसऱ्या विकराचे प्रमाण ५१ टक्के गाठींत कमी होते. ज्यांच्या गाठींत दोन्हींचे प्रमाण अधिक होते, त्या रुग्णांचा जगण्याचा मध्यक काळ ११ वर्षांहून अधिक, तर इतरांचा २.६६ वर्षे होता. डायसर कमी असलेल्या पेशींत जनुकवाहकाद्वारे केलेले शमन क्षीण होत असल्याचे, परंतु आयत्या लघु आरएनएने होणारे शमन तसे क्षीण होत नसल्याचे संकेतही या अभ्यासात मिळाले. संशोधक जी यंत्रणा उपचारासाठी वापरू पाहत होते, तीच अनेक गाठींत आधीच दुबळी झालेली होती. पेशीत स्वाभाविकपणे चालणारे हे नियंत्रण करणाऱ्या सूक्ष्म आरएनएच्या शोधाबद्दल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

या अनुभवांतून संशोधनपद्धती अधिक काटेकोर झाली. एका जनुकासाठी भिन्न क्रमांचे अनेक लघु आरएनए वापरणे, शमनानंतर त्या जनुकाची बदललेली प्रत देऊन परिणाम उलटतो का ते पाहणे, अनेक पेशीवंशांवर प्रयोग करणे आणि क्रिस्परने पडताळणी करणे, या अटी हळूहळू रूढ झाल्या. २०११ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी १०२ पेशीवंशांत ११ हजारांहून अधिक जनुकांचे शमन करून पाहिले, तेव्हा अंडाशयाच्या कर्करोगपेशींचे पॅक्स-८ या जनुकावरील विशेष अवलंबित्व दिसून आले. एकट्या-दुकट्या जनुकाच्या प्रयोगांकडून व्यापक तुलनेकडे झालेला हा प्रवास जनुकशमनाच्या प्रौढत्वाची खूण मानता येईल.

निष्कर्ष

जनुकशमनाने अंडाशयाच्या कर्करोगपेशींची वाढ मंदावते, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. कोणत्या पेशींची, किती काळ आणि कोणत्या तुलनागटाच्या संदर्भात, हे सांगितल्याखेरीज त्यास वैद्यकीय अर्थ प्राप्त होत नाही. लघु आरएनए गाठीच्या प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न २०२४ अखेरपर्यंत समाधानकारकपणे सुटलेला नव्हता. त्यामुळे औषध म्हणून त्याचे मूल्यमापन करताना संयम आवश्यक आहे.

तथापि पेशी कोणत्या जनुकांवाचून जगू शकत नाही, हे तपासण्याची सोय जनुकशमनाने करून दिली. त्या उत्तरांपैकी एकाचा आधार पार्प-रोधकांच्या उपचारास मिळाला आणि काही स्त्रियांचे आयुष्य त्यामुळे वाढले. ज्या उत्तरांची पुरेशी पडताळणी झाली नाही, त्यांनी संशोधनाला आडवाटेला नेले. एखादे साधन रुग्णाच्या किती उपयोगी पडेल, हे त्या साधनाच्या सामर्थ्याइतकेच त्याच्या उत्तरांची उलटतपासणी करण्याच्या शिस्तीवर अवलंबून असते, हा या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष होय. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांना शमनप्रयोगाची कृती शिकवताना ही शिस्तही तितक्याच आग्रहाने शिकवली गेली पाहिजे.